बडा सराफ्यातील जर्मन नाण्यांचा विभाग

इंदूरच्या बडा सराफ्यात सोन्याचांदीच्या व्यवहाराला लागूनच जुन्या नाण्यांचा व्यवहारही चालतो, आणि त्यामुळे येथे येणारा बहुतेक ग्राहक नाणे हातात घेताच त्याचे वजन आणि चांदीचा कस विचारतो. याच बाजारातील एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरील एका लहान दुकानात जर्मन नाण्यांचा स्वतंत्र विभाग आहे. मालकांना प्रसिद्धी नको असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही. सराफ्यातील नाणेवाल्यांना विचारले की ते दुकान सहज सापडते. परदेशी नाणी ठेवणारी दुकाने आपल्याकडे थोडी नाहीत, परंतु त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ती किलोच्या भावाने, एका डब्यात सर्व देश एकत्र, अशी विकली जातात. येथे मात्र जर्मनीचा इतिहास समजून घेऊन मांडणी केलेली आहे, आणि या परीक्षणाचा मुख्य विषय ती मांडणीच आहे.

नाणी लाकडी ट्रेमध्ये ठेवलेली आहेत आणि त्यांचा क्रम धातूनुसार किंवा किमतीनुसार नाही. प्रथम नाणे कोणाच्या सत्तेने पाडले ते पाहिले जाते, नंतर टांकसाळीचे अक्षर आणि शेवटी वर्ष. जर्मन नाण्यांच्या संग्रहात हे अक्षर फार महत्त्वाचे असते, कारण तेच नाणे, त्याच वर्षाचे, एका टांकसाळीत लाखोंनी आणि दुसऱ्या टांकसाळीत काही हजारच पाडलेले असू शकते. ए म्हणजे बर्लिन, डी म्हणजे म्युनिक, एफ म्हणजे श्टुटगार्ट, जी म्हणजे कार्ल्सरूह आणि जे म्हणजे हँबुर्ग, ही पाच अक्षरे साम्राज्याच्या काळापासून आजच्या युरोपर्यंत चालत आली आहेत; हानोव्हरचे बी, फ्रँकफुर्टचे सी आणि डार्मश्टाटचे एच ही मात्र त्या टांकसाळी १८७८ ते १८८२ च्या दरम्यान बंद पडल्यामुळे लवकर थांबली. पुढे १९३८ ते १९४४ या काळात बी हे अक्षर व्हिएन्नाला मिळाले. दुकानातील प्रत्येक नाण्याच्या चिठ्ठीवर हे अक्षर ठळक लिहिलेले असते आणि झिजलेल्या नाण्यावर ते वाचता येत नसेल, तर तसे स्पष्ट नोंदवलेले असते. भारतीय बाजारात एवढी काळजी घेतलेली माझ्या पाहण्यात फारशी नाही.

सर्वांत समृद्ध भाग १८७१ ते १९१८ या साम्राज्यकाळाचा आहे. जर्मनी एक झाला तरी त्यातील राजे, ग्रँड ड्यूक आणि ड्यूक आपापल्या गादीवर राहिले, आणि नाण्यांच्या बाबतीत त्यांच्याशी एक तडजोड झाली. मार्क या नव्या सामाईक चलनाचे एक मार्क आणि त्याखालची नाणी सगळीकडे सारखी, मात्र दोन मार्क आणि त्यावरच्या नाण्यांच्या दर्शनी बाजूस त्या त्या राज्याच्या शासकाचा मुखवटा आणि मागील बाजूस साम्राज्याचा गरुड. हँबुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक ही स्वतंत्र शहरे असल्याने त्यांच्या नाण्यांवर राजाच्या जागी शहराचे चिन्ह येते. हा ट्रे पाहताना माळव्यातील वाचकाला आपल्या शेजारच्या संस्थानांची आठवण व्हावी. संस्थानांच्या नाण्यांविषयीच्या १८७६ च्या कायद्याखाली धारची १८८७ ची आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची १८८८ ची तांब्याची नाणी निघाली, तेव्हा त्यांच्या दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता आणि संस्थानाचे नाव मागील बाजूस गेले. म्हणजे जर्मनीत चेहरा राजाचा राहिला आणि साम्राज्य पाठीवर गेले. आपल्याकडे चेहरा साम्राज्ञीचा आणि पाठीवर संस्थान. दोन्हीकडे सत्ता कोणाच्या हाती होती, हे नाणे उलटून पाहिले की कळते. मालकांनी देवासचे एक नाणे मुद्दाम बव्हेरियाच्या दोन मार्कशेजारी ठेवले आहे, आणि ही जोडी विक्रीसाठी नाही, केवळ दाखवण्यासाठी आहे. बव्हेरियाच्या त्या नाण्यावर राजा ओटोचा मुखवटा आहे. मानसिक आजारामुळे त्याने प्रत्यक्ष राज्य कधीच केले नाही, कारभार प्रिन्स रीजंट (राजाच्या वतीने राज्य चालवणारा) लुइटपोल्ट पाहत होता, तरी १८८८ ते १९१३ पर्यंत नाणी ओटोच्याच नावाने निघाली. १९११ मध्ये लुइटपोल्टच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त काढलेल्या नाण्यांवर मात्र त्याचा स्वतःचा चेहरा आला, आणि दोन्ही एकत्र घेतल्याशिवाय त्या राज्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

नवख्या संग्राहकाने आरंभ कोठून करावा असे विचारले, तर मी याच ट्रेमधील १८८८ चे प्रशियाचे दोन मार्क सुचवीन. त्या वर्षी जर्मनीला तीन सम्राट लाभले आणि मधला, तिसरा फ्रीड्रिश, केवळ ९९ दिवस गादीवर होता. त्याची नाणी लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवली, त्यामुळे इतक्या अल्प कारकिर्दीची असूनही ती चांगल्या स्थितीत आणि बेताच्या किमतीला मिळतात. याउलट सॅक्सनीचे १९१७ चे तीन मार्कचे नाणे, जे मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या चारशेव्या वर्षानिमित्त, ल्यूथरचा पाठीराखा असलेल्या फ्रीड्रिश द वाइजच्या मुखवट्यासह काढले, त्याचे फक्त १०० नग पाडले गेले. त्याची जी नाणी बाजारात सर्रास दिसतात ती प्रतिकृती असतात. या दुकानातही एक आहे, परंतु तिच्या चिठ्ठीवर 'प्रतिकृती' हा शब्द किमतीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिला आहे, आणि ही गोष्ट मला दुकानाच्या बाजूने सर्वांत बोलकी वाटते.

किमतींबद्दल सांगण्यापूर्वी चांदीचा हिशेब सांगणे आवश्यक आहे. साम्राज्याच्या चांदीच्या मार्कमध्ये शुद्ध चांदी नेमकी ५ ग्रॅम असते, म्हणून ११.१११ ग्रॅमच्या दोन मार्कमध्ये १० ग्रॅम आणि २७.७७७ ग्रॅमच्या पाच मार्कमध्ये २५ ग्रॅम. दुकानाच्या चिठ्ठीवर हे शुद्ध चांदीचे वजन आणि मागितलेली किंमत असे दोन आकडे शेजारी असतात, त्यामुळे चांदीच्या वर आपण नाण्याच्या दुर्मीळतेचे किती पैसे देत आहोत, हे ग्राहकाला आपोआप दिसते. माझ्या मते सामान्य वर्षांच्या नाण्यांवरील अधिक रक्कम वाजवी आहे. स्मारक नाण्यांवरील थोडी जास्त आहे, पण अवाजवी नाही. सराफ्यात बसून हा हिशेब करताना आणखी एक संबंध ध्यानात ठेवावा. १८७१ आणि १८७३ च्या कायद्यांनी जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले आणि जुनी चांदी जगाच्या बाजारात विकायला काढली. चांदीचा भाव घसरण्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक मोठे होते, आणि त्या घसरणीने चांदीवर उभा असलेला आपला रुपया इतका खाली गेला की १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीपासून रुपये पाडून देणे बंद केले. तोपर्यंत व्यापारी चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेत असे. जर्मन मार्क आणि इंदूरचा सराफा हे त्या काळी वाटतात तितके एकमेकांपासून दूर नव्हते.

हा धागा पुढे ज्या ट्रेमध्ये जातो, तो या विभागाचे खरे वैभव आहे: जर्मन पूर्व आफ्रिकेची नाणी. आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर जर्मनांनी सत्ता बसवली तेव्हा तेथील किनाऱ्यावर भारतीय व्यापाऱ्यांमुळे भारतीय रुपयाच चालत होता, आणि मार्क रुजवण्याऐवजी जर्मनांनी स्वतःचा रुपया काढला. १८९० पासून जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीच्या नावाने निघालेल्या या चांदीच्या रुपयाचे वजन आणि कस, म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, आपल्या राणीछाप रुपयाचेच होते. त्यावर डोक्यावर गरुडाचे शिरस्त्राण घातलेला दुसरा विल्हेल्म आहे आणि मागील बाजूस सिंह व ताडाचे झाड. त्याच्याबरोबर तांब्याचा 'पेसा' निघाला. ६४ पेसांचा एक रुपया, म्हणजे आपल्या जुन्या पैशाचाच हिशेब, आणि एका बाजूस अरबी लिपीतील लेख व हिजरी वर्ष. १९०४ पासून वसाहत सरकारने कारभार हाती घेऊन शंभर हेलरचा रुपया केला आणि पंधरा रुपये म्हणजे वीस मार्क असा दर राहिला. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद पडल्यावर १९१६ मध्ये टाबोरा येथील रेल्वेच्या कार्यशाळेत तातडीची नाणी पाडली गेली: पितळ आणि तांब्याचे वीस हेलर आणि सोन्याचे हत्तीछाप पंधरा रुपये. हत्तीछाप सोन्याचे नाणे या दुकानात नाही आणि येथे मिळण्याची अपेक्षाही करू नये, परंतु टाबोराचे वीस हेलर दोन्ही धातूंत पाहायला मिळतात, त्यांचा ओबडधोबड ठसा आणि उघडाबोडका मुकुट पाहिला की युद्धातली घाई समजते. पेसा तर इतक्या माफक किमतीत आहे की विद्यार्थ्यालाही घेता यावा. एखाद्या मराठी घरात आजोबांच्या पेटीत राणीछाप रुपये असतील, तर त्यांच्या शेजारी ठेवण्यासाठी जर्मन रुपयाइतके समर्पक नाणे दुसरे नाही.

थालरचा विभाग मात्र निराश करतो. थालर हा जर्मन नाण्यांच्या इतिहासाचा कणा आहे. आजच्या चेकियातील योआखिम्स्थाल या खाणगावी, श्लिक घराण्याच्या सत्तेखाली, सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस ही मोठी चांदीची नाणी पडू लागली आणि त्या गावावरूनच त्यांना नाव मिळाले. पुढे १८५७ च्या व्हिएन्ना करारानुसार ठरलेला फेराइन्स्थालर, ज्याचे तीस नग ५०० ग्रॅम शुद्ध चांदीतून निघत, तो चांदीचे तीन मार्क म्हणून १९०७ पर्यंत चालत राहिला. दुकानात फेराइन्स्थालरचे प्रशिया आणि सॅक्सनीचे दोन-चार नमुने आहेत, परंतु त्यामागील तीन शतके जवळजवळ रिकामी आहेत. त्याहून खटकणारी गोष्ट ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेझा हिच्या थालरची. हे नाणे कितीही नंतर पाडले तरी त्यावर साल १७८०च असते. ऑस्ट्रियाखेरीज रोम, लंडन, पॅरिस, एवढेच काय १९४० आणि ४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. दुकानाच्या चिठ्ठीवर मात्र फक्त '१७८०' असे लिहिले आहे. इतर सर्व ठिकाणी एवढी काटेकोर असलेली चिठ्ठी येथेच गप्प बसावी, हे योग्य नाही. नवखा ग्राहक ते अठराव्या शतकाचे नाणे समजून घेऊन जाईल. विचारल्यावर मालकांनी खरी माहिती लगेच दिली, हे नोंदवले पाहिजे, पण ती न विचारता चिठ्ठीवर असायला हवी.

युद्धानंतरच्या महागाईचा ट्रे छोटा पण चांगला निवडलेला आहे. लोखंडाचे पाच आणि दहा फेनिग (शंभर फेनिगांचा एक मार्क), माइसेनच्या तपकिरी चिनी मातीची नाणी आणि १९२३ ची ॲल्युमिनिअमची दोनशे व पाचशे मार्कची नाणी येथे आहेत. १९२३ च्या अखेरीस एका नव्या रेंटनमार्कसाठी एक लाख कोटी कागदी मार्क मोजावे लागले, एवढी एक गोष्ट माहीत असली की हातातल्या हलक्या पाचशे मार्कचा अर्थ लागतो. वायमार काळातील, म्हणजे हिटलरपूर्वीच्या प्रजासत्ताकाच्या, रायश्मार्क या चलनातील नाण्यांपैकी १९३० चे ग्राफ झेपेलिन वायुजहाजाच्या जगप्रदक्षिणेचे तीन मार्क उत्तम स्थितीत आहेत. १९३२ चे कवी गटेचे पाच मार्क, ज्याचे सुमारे २० हजारच नग पडले, ते येथे नाही. ते कोणी स्वस्तात देऊ केले तर सावध व्हावे.

हिटलरच्या काळातील नाण्यांबाबत दुकानाशी माझे मतभेद आहेत. हिटलरच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या मुखवट्याचे पाच मार्क, १३.८८ ग्रॅमचे, १९३५ पासून १९३९ पर्यंत पडले आणि १९३६ पासून त्यांच्यावर नाझी चिन्ह आले. इतिहासाचा पुरावा म्हणून ती संग्रहात असायला माझी हरकत नाही, उलट ती वगळली तर त्या काळाचे सत्यच वगळल्यासारखे होईल. परंतु ती नाणी समोरच्या काचेत, 'स्वस्तिक छाप' अशा चिठ्ठीसह आणि बिनचिन्हाच्या नाण्यापेक्षा चढ्या किमतीत ठेवणे योग्य नाही. आपल्याकडचे तरुण ग्राहक ते मंगलचिन्ह समजून कौतुकाने विकत घेतात असे मी तेथेच पाहिले. त्या राजवटीने लाखो निरपराध माणसांची हत्या केली, हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहिता येते, आणि ही नाणी त्यांच्या कालक्रमात, झेपेलिनच्या नंतर, आतल्या ट्रेमध्ये असावीत.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग विस्ताराने मोठा आहे, पण सगळाच सारख्या मोलाचा नाही. पश्चिम जर्मनीच्या फेनिग नाण्यांपैकी ५० फेनिग, ज्यावर ओकचे रोप लावणारी स्त्री आहे, ते दिसायला सुंदर आणि स्वस्त असल्याने प्रत्येकाने घ्यावे. त्यातील १९५० चे, कार्ल्सरूहचे जी अक्षर असलेले, आणि तरीही देशाच्या नावाऐवजी 'बँक डॉइचर लेंडर' या तेव्हाच्या मध्यवर्ती बँकेचे जुने नाव असलेले नाणे ३० हजारच पडले, त्यामुळे त्याची मागणी फार आहे. येथे तसे एक ठेवलेले आहे, परंतु स्वतंत्र तपासणीशिवाय ते कोणीही घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन, आणि मालकांनीही त्याला होकार दिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे दहा मार्क तर गोष्टीसाठीच घ्यावेत: पहिल्या आवृत्तीवर खेळ 'जर्मनीत' असे लिहिले गेले, पूर्व जर्मनीने आक्षेप घेतला की खेळ देशाला नव्हे तर शहराला दिले जातात, आणि पुढच्या आवृत्तीवर 'म्युनिकमध्ये' असे छापले गेले. दोन्ही येथे आहेत. पूर्व जर्मनीची ॲल्युमिनिअमची नाणी मात्र दुकानाने अनाठायी महाग लावली आहेत. ती लाखोंनी पडलेली आहेत आणि फेनिगची नाणी तर जर्मनी एक झाल्यावरही ३० जून १९९१ पर्यंत चालत होती. त्यांतून केवळ पितळेचे २० फेनिग लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ॲल्युमिनिअमच्या नाण्यांनी सार्वजनिक टेलिफोनची यंत्रे चालत नसल्याने ते १९६९ पासून वेगळ्या धातूत काढले गेले.

येथे घासाघीस करताना उपयोगी पडेल अशी एक माहिती देतो. जर्मनीची मध्यवर्ती बँक डॉइच मार्कची (युरोपूर्वीच्या पश्चिम आणि नंतरच्या एकत्रित जर्मनीच्या चलनाची) नाणी आणि नोटा आजही कोणत्याही मुदतीशिवाय, १.९५५८३ मार्कला एक युरो या ठरलेल्या दराने बदलून देते. म्हणजे साध्या पाच मार्कच्या नाण्यालाही एक तळाची किंमत आहे, आणि १९७४ पर्यंतच्या चांदीच्या पाच मार्कमध्ये ७ ग्रॅम शुद्ध चांदी असल्याने त्याची दुसरी तळाची किंमत सराफ्यात रोज सकाळी ठरते. पूर्व जर्मनीच्या आणि रायश्मार्कच्या नाण्यांना बदलून देण्याची अशी सोय नाही. हे फरक दुकानात तोंडी सांगितले जातात, पण किमतींच्या पाटीवर दिसत नाहीत.

नाण्यांच्या निगेबाबत दुकानाचा कारभार दोन टोकांचा आहे. तपासणी चांगली होते: गिऱ्हाइकासमोर विजेच्या तराजूवर वजन, व्यासाची मापणी, चुंबक, आणि पाच व तीन मार्कच्या कडेवरील 'गॉट मिट उन्स' ('देव आमच्यासोबत') हा लेख भिंगातून दाखवणे, कारण खोट्या नाण्याचा खोटेपणा बहुधा कडेवरच उघडा पडतो. बिलावर टांकसाळीचे अक्षर, वर्ष आणि वजन लिहिले जाते, आणि नाणे शंकास्पद ठरल्यास परत घेण्याची हमी लेखी मिळते. परंतु काही नाणी चांदीच्या दागिन्यांप्रमाणे घासूनपुसून चकचकीत केलेली आहेत. सराफ्याच्या सवयीला ते स्वाभाविक वाटत असेल, तरी नाण्यावरील जुना काळसर थर हाच त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. जर्मन बाजारात असे नाणे लगेच ओळखले जाते आणि त्याची किंमत पडते. शिवाय नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत दिली जातात. अशा पाकिटांतील प्लास्टिक काळांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर सोडते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातील दमट हवेत ते अधिकच धोक्याचे ठरते. घरी येताच नाणी कडक, रसायनविरहित होल्डरमध्ये हलवावीत. दुकानाने असे होल्डर स्वतः ठेवले तर ग्राहक त्यांचे पैसे आनंदाने देतील.

आपल्याकडची जुनी जर्मन नाणी विकायची असल्यास येथे चांदीच्या भावापेक्षा अधिक किंमत मिळते, पण त्यासाठी टांकसाळीचे अक्षर आणि वर्ष आधी स्वतः पाहून ठेवावे. ती जर्मनीतील लिलावात पाठवण्याचा विचार कोणी करत असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. दुकानात दुपारीच जावे, कारण खिडकीच्या उजेडात नाण्याची मूळ झळाळी आणि पॉलिशची चकाकी यांतील फरक दिसतो, दिव्याखाली तो दिसत नाही. आणि संध्याकाळी खाली खाद्यपदार्थांच्या गाड्या लागू लागल्या की मालक ट्रे आवरायला घेतात.